चायोचा कौल

हंगामाच्या शेवटच्या रविवारी हिगेरा घराण्यात भांडण झालं नाही, असं एकही साल आम्हा खाडीवाल्यांना आठवत नाही. पण एरवी ते जेवणं झाल्यावर व्हायचं. पोटं भरलेली असायची, वारा सुटलेला असायचा, आणि ओरडून ओरडून घसे बसले की मंडळी आपापल्या तंबूत जाऊन झोपायची. यंदा मात्र न्याहारीलाच तोंड लागलं. कारण यंदा प्रश्न कोणाचा जावई कोणाला काय म्हणाला, हा नव्हता. पाहुण्यांना होडीतून देवमासे दाखवायचा त्यांचा खाडीवरचा कॅम्प विकायचा की ठेवायचा, हे त्या दिवशी दुपारच्या जेवणावर ठरणार होतं.

वाटेकरी तिघं भावंडं: थोरला लिब्रादो, मधली चायो आणि धाकटा आन्सेल्मो. तिघांतल्या दोघांनी हो म्हटलं की व्यवहार झाला, असं त्यांचे वडीलच ठरवून गेले होते. आन्सेल्मोचं हो केव्हाचंच होतं. गिऱ्हाईक त्यानेच तर आणलं होतं, एन्सेनादाच्या हॉटेल कंपनीचे फिएरो साहेब, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात बूट, तेही आमच्या वाळूत. लिब्रादोचं मन बायको गेल्यापासून कशातच नव्हतं, आणि गुडघे तर तिच्याही आधी गेले होते. तो "बघू" म्हणत होता. लिब्रादोचं बघू म्हणजे हो, हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. राहता राहिली चायो, आणि चायोला कोणी विचारलंच नव्हतं.

"काका, ते तिवरं तोडून धक्का बांधणार आहेत," नेरेइदा म्हणाली. लिब्रादोची ही एकुलती एक लेक. कॅम्पाचा सगळा कारभार तिच्याच हातात होता. "खाडीचं तोंड खणून खोल करणार. होड्या दुप्पट."

"होड्या दुप्पट म्हणजे कामंही दुप्पट," आन्सेल्मो म्हणाला. "आपल्या पोरांना कामं नकोत की काय?"

"आपल्या पोरांना? त्यांचे नावाडी काबोहून येणार, हंगामापुरते. हंगाम संपला की गाडीत घालून परत. आपल्या पोरांनी काय करायचं, टॉवेलच्या घड्या?"

"टॉवेलच्या घड्या घालणं हे काय पाप आहे?"

"मग आबेलला सांग घालायला."

आबेल हा आन्सेल्मोचाच मुलगा. शिकायला म्हणून एन्सेनादाला ठेवला होता, तो पळून येऊन इथे नावाडी झाला, ती हकीकत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तो तोंडात तोर्तियाचा, म्हणजे आमच्या मक्याच्या पोळीचा, मोठा घास घेऊन म्हणाला, "मी नाही घालणार."

"तू गप. तुला शिकवलं ते याच्यासाठी?"

"बाबा, तुम्ही शिकवलंत, मी शिकलो कुठे?"

टेबलावर हशा पिकला. आन्सेल्मोही हसला असता, पण समोर फिएरो साहेब कॉफी फुंकत बसले होते. त्यांच्यासमोर स्वतःच्या पोराने उडवलेली टोपी त्याला झोंबली.

नेरेइदाने ती संधी साधली. तिचं म्हणणं ती सगळ्या हंगामात घोकत होती. कॅम्प विकायचा नाही, उलट इथे राबणाऱ्या प्रत्येकाला त्यात वाटेकरी करून घ्यायचं, नावाड्यांना, स्वयंपाकघरातल्या बायकांना, अगदी पाण्याचा टँकर आणणाऱ्या ओखेदालासुद्धा. पाहुणे जास्त नकोत. आहेत तेवढेच नीट सांभाळायचे. देवमासे उत्तरेला गेले की तिवरांत कालवं जोपासायची, म्हणजे उन्हाळ्यात कोणाला चोरून जाळी टाकायला जायला नको.

"वा!" आन्सेल्मोने टाळी वाजवली. "विकायचं नाही, फुकट वाटून टाकायचं. दादा, तुझी लेक संत होणार बघ."

लिब्रादो उठला, गुडघ्यांवर हात दाबत उभा राहिला आणि म्हणाला, "होड्या सुटायची वेळ झाली. मी चौकीवर जातो."

एवढ्यात चायो गरम तोर्तियांची टोपली ठेवून गेली. सगळ्यांचे हात टोपलीकडे गेले, नजर कोणाचीच वर गेली नाही. 'आत्या आपल्याच बाजूची आहे,' नेरेइदा मनात म्हणाली. 'आता बाबांना वळवलं की झालं.'

खडकाच्या टोकावर आमची चौकी आहे. चौकी कसली, चार फळ्या आणि वर पत्रा. तिथून खाडीचा आतला भाग पूर्ण दिसतो, जिथे देवमाशांच्या माद्या पिलं घेऊन असतात. त्या पाण्यात एका वेळी ठरलेल्याच होड्या. एक बाहेर आली की टोकापाशी थांबलेली दुसरी आत जाते. आत गेलेल्या होडीला वेळ ठरलेला. तो संपला की देवमासा तुमच्या मांडीवर डोकं ठेवून असला तरी निघायचं. मागे धावायचं नाही. इंजिन सावकाश चालू ठेवून बसून राहायचं, यायचं असेल तर तोच येतो. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे होडी बडवायची नाही. ज्याने बडवली तो दिवसभरासाठी बाहेर, मग तो कोणीही असो.

या शेवटच्या नियमाचं बाहेरच्या लोकांना नवल वाटतं. होडी कोण कशाला बडवेल? पण आमच्या आजोबा-पणजोबांनी हयातभर तेच केलं होतं. तेव्हा याला देवमासा कोणी म्हणत नसे, सैतानच म्हणत. मासेमारी करताना तो जवळ आला की वल्ह्याने होडीची कड बडवायची, आरडाओरडा करायचा, म्हणजे तो लांब जातो. लहान मुलाला चालायला शिकवावं तसं हे शिकवलेलं असायचं. ते विसरायला या खाडीला एक पिढी लागली.

लिब्रादोने दुर्बीण लावली. भावाची होडी टोकापाशी रांगेत उभी होती. आज ती आन्सेल्मो स्वतः चालवत होता. फिएरो साहेब आणि त्यांची दोन माणसं मध्ये, आणि आबेलला पुढच्या टोकाला बसवलेलं. आन्सेल्मोने सकाळीच बजावलं होतं, "याच पाण्यात वाढलोय मी. मला शिकवू नका."

रेडिओवर त्याचा आवाज आला. "दादा, साहेबांना उशीर होतोय. सोड की आत."

"आतल्या सगळ्या जागा भरल्यात. थांब."

मग फिएरोचं हसणं ऐकू आलं. त्याला वाटलं असावं रेडिओ बंद आहे. "आपली खाडी, आपली होडी आणि आपणच ताटकळायचं? हे आधी बदलायला हवं."

लिब्रादोने दुर्बीण खाली ठेवली. त्याला राग आला नाही, उगीच थोडं ओशाळल्यासारखं झालं. हाच माणूस उद्या इथे बसणार, आणि आपणच त्याला बसवणार. पण गुडघा ठणकत होता, घरात एकट्याने जेवण्याचा कंटाळा होता, आणि दुसऱ्याने ओझं उचलतो म्हटलं की माणसाला बरं वाटतंच. त्याने पुढची होडी आत सोडली, मग आन्सेल्मोची.

आत गेल्यावर आन्सेल्मोने इंजिन मंद केलं आणि होडी पाण्यावर सोडून दिली. पाणी सपाट होतं. त्याला मनातून फार बरं वाटत होतं. किती वर्षांनी हातात सुकाणू आलं होतं, आणि हात ते विसरला नव्हता. तो साहेबांना सांगायला लागला, "आता बघा, ती पिलाला घेऊन..."

आणि ती आली. आन्सेल्मो बघत होता त्या बाजूने नव्हे, तर थेट त्याच्या खालून. हिरव्या पाण्यात आधी एक फिकट डाग दिसला, तो वाढत गेला, वाढतच गेला, आणि होडीच्या कडेला, हाताच्या अंतरावर, शंख-शिंपल्यांनी खडबडीत झालेलं भलंमोठं डोकं वर आलं. फूत्कार आला. मासळीच्या वासाचं कोमट पाणी तोंडावर उडालं. आबेल वाकला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ये ये, आजी, ये."

आन्सेल्मो एकोणीस वर्षांचा असताना खाडी सोडून गेला होता. देवमाशाला हात लावायचे दिवस त्यानंतरचे. त्याच्या हाताला ते माहीतच नव्हतं. हाताला माहीत होतं ते बापाचं ओरडणं, रात्रीची जाळी आणि खालून येणारा तो फिकट डाग. आपण काय करतोय हे कळायच्या आत हाताने वल्हं उचललं आणि होडीच्या कडेवर दाणदाण हाणलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

मादी गेली. पिलू गेलं. आजूबाजूच्या होड्यांपाशी वर आलेली डोकीही एकेक करून खाली गेली, आणि क्षणभर सगळ्या खाडीत नुसती इंजिनांची घरघर उरली. कोणाच्या तरी होडीत एक बाई "अरेरे" म्हणाली. आन्सेल्मो वल्ह्याकडे बघत बसला. त्याला रडू यायला लागलं होतं, आणि ते पोराला दिसू नये म्हणून तो इंजिनाशी काहीतरी खुडबुड करायला लागला.

"बाबा," आबेल हळूच म्हणाला, "राहू दे. होतं."

चौकीवर लिब्रादोने सगळं पाहिलं. रेडिओ हातात घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. सगळ्या होड्यांवर रेडिओ चालू होते, सगळे नावाडी ऐकत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं की त्या होडीत कोण बसलंय आणि आज काय ठरणार आहे. मागच्याच महिन्यात याच चुकीसाठी त्याने ओखेदाच्या भाच्याला बाहेर काढलं होतं. पोरगा रडवेला झाला होता, पण गेला होता.

"आन्सेल्मो," तो म्हणाला, "होडी बाहेर काढ."

उत्तर आलं ते फिएरोचं. "लिब्रादो साहेब, चुकून झालंय हो. थोडं समजून घ्या. माझी माणसं खास आलीत."

"चुकूनच होतं ते. बाहेर या."

"हे बघा, आठवड्याभरात ही चौकी आमचीच होणार. मग आम्हाला बाहेर कोण काढणार?"

तो गमतीने म्हणाला असेल. पण लिब्रादो पुढे अनेकदा सांगायचा की त्या एका वाक्याने त्याची पाठ सरळ झाली. कोण काढणार? कोणीच नाही. तिवरं, धक्का, दुप्पट होड्या, हे सगळं लेक सांगत होती तेव्हा त्याच्या कानावरून जात होतं. आता त्याला एकच गोष्ट दिसली, की उद्या या फळ्यांमागे बसलेल्या माणसाची मालकाला बाहेर काढायची छाती असणार नाही.

"आठवड्याने काय व्हायचं ते होईल," तो म्हणाला. "आज चौकीवर मी आहे. होडी बाहेर!"

होडी वळली. टोकाजवळून ती बाहेर पडली. मग कुठल्याशा होडीवरून एकाने जोरात शीळ घातली, दुसऱ्याने भोंगा दाबला, आणि सगळी खाडी भोंग्यांनी दणाणली. लिब्रादो बाहेर आला आणि हात हलवून ओरडला, "गाढवांनो, देवमासे आहेत आत! गप्प बसा!" पण तो हसत होता, आणि बायको गेल्यानंतर त्याला असं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

नेरेइदा स्वयंपाकघरात घुसली ती जवळजवळ नाचतच.

"आत्या, ऐकलंस? बाबा नाही म्हणणार! स्वतः मला म्हणाले, त्या माणसाला मी फळीसुद्धा विकणार नाही म्हणून. झालं, आपण जिंकलो. बाबांचं नाही आणि तुझं नाही."

चायो शिंपले धूत होती. कमरेला टॉवेल बांधलेला, मनगटं सुजलेली. तिने वर पाहिलं नाही.

"माझं 'नाही' आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"मी हो म्हणणार आहे."

नेरेइदाला आधी वाटलं, आत्या थट्टा करतेय. चायोला थट्टेची सवय होती. पण ती शिंपले घासतच राहिली.

"तुला त्या फिएरोने फितवलं?"

"फितवायला कशाला हवंय? त्याने विचारलं. 'बाई, तुम्ही किती वाजता उठता?' असं विचारलं. एन्सेनादात एक खोली देतो म्हणाला, नळाला गरम पाणी, कपडे धुवायचं यंत्र. लबाड असेल मेला, पण विचारलं तरी."

"आत्या, अगं ही खाडी, ही तिवरं, देवमासे... सगळं जाईल!"

"जाईल की." चायोने शिंपले आपटून परातीत टाकले. "तू मोठी हुशार, नेरेइदा. पाहुणे बायोडिग्रेडेबल की काय ते साबण वापरतात ते तू बघतेस. टँकरचं पाणी थेंबाथेंबाने पुरवतेस. देवमाशाला कोणी त्रास देऊ नये म्हणून वेळ बांधून दिलास, होड्या मोजून सोडतेस, वेळ संपला की चला बाहेर, तिला आता एकटं राहू दे. फार चांगलं आहे. मला सांग, मला कोणी वेळ बांधून दिला? माझ्या भोवती किती होड्या आहेत ते कोणी मोजलं?"

चायोने दुसरा शिंपला उचलला.

"पहाटे उठते ती तुम्ही सगळे झोपल्यावर पाठ टेकते. हल्ली मिरचीला हात लावला की जळजळतो. तुझा तो वाटा... वाट्याचं मी काय करू? हे स्वयंपाकघर माझ्या नावावर झालं म्हणून शिंपले आपोआप धुतले जाणार आहेत का?"

"तू कधी बोलली नाहीस गं."

"देवमासा कुठे बोलतो? त्याचं बरं कळतं तुम्हाला."

नेरेइदा पाण्याच्या पिंपाला टेकून खाली बसली. तिच्या लक्षात आलं की आत्याच्या बाजूने आपण बोललो, आत्याच्या वतीने हिशेब धरला, आणि तिला खुर्ची ओढून 'बस' असं मात्र कधी म्हटलं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग तिने डोळे पुसले, उठली आणि आत्याच्या हातातली परात काढून घेतली.

"सोड. बाहेर जा."

"काय?"

"तुझा वेळ संपला. होडी बाहेर."

"अगं, जेवायला पन्नासेक माणसं यायची आहेत!"

"थांबतील टोकापाशी."

चायो उभी राहिली तशीच. कमरेचा टॉवेल नेरेइदाने स्वतःच सोडला.

टेबलाभोवती सगळे जमले होते. नावाडी, त्यांच्या बायका, फिएरो आणि त्याची माणसं, कोपऱ्यात मान खाली घालून आन्सेल्मो. नेरेइदा बाकावर चढली.

"ऐका. आत्या आजपासून आठवड्याचे तीन दिवस चुलीपाशी जाणार नाही, आणि ज्या दिवशी जाईल त्या दिवशी दुपारनंतर नाही. तिच्या हाताखालच्या बायकांनाही तोच नियम. देवमाशांना आहे तसा."

"मग रांधणार कोण?" ओखेदा म्हणाला.

"जे खातात ते. नावाडी आळीपाळीने."

एकच गलका उडाला. एक म्हणाला, मला अंडं उकडता येत नाही. दुसरा म्हणाला, पाहुणे परत जातील. लिब्रादोसुद्धा म्हणाला, "अगं, काहीतरीच काय! आम्ही पुरुष माणसं चुलीपाशी..."

"बाबा," नेरेइदा म्हणाली, "तासापूर्वी तुम्ही सख्ख्या भावाला बाहेर काढलंत. तुम्हाला अवघड काय आहे?"

पोरं खिदळायला लागली. आबेल उठला, टॉवेल उचलून कमरेला बांधला आणि बापाकडे बघून म्हणाला, "चला बाबा, आज नाहीतरी तुम्हाला पाण्यात जाता येणार नाही."

आन्सेल्मो उठला. खरं तर त्याला त्या कोपऱ्यातून उठायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

पुढचं सगळं आमच्याकडे अजून सांगून सांगून हसतात. आन्सेल्मोने घेवड्यात मीठ दोनदा घातलं. लिब्रादोने तोर्तिया लाटली ती आमच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या नकाशासारखी, लांबट आणि वाकडी निघाली. आबेल एका पोराला म्हणाला, कांदा चीर, तर त्याने न सोलताच चिरला. स्वयंपाकघरातून धूर येत होता, शिव्या येत होत्या, आणि बायका बाहेर बसून पोट धरून हसत होत्या. फिएरो साहेब दोनदा घड्याळ बघून उठले. "आम्हाला निघायला हवं, तेवढं उत्तर..."

"आधी जेवण," लिब्रादो आतून ओरडला. "मग उत्तर!"

चायोला टेबलाच्या डोक्याशी बसवलं होतं. हातांचं काय करावं हे तिला कळेना. तिने ते मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग परत मांडीवर. तिने कधी या जागेवरून टेबल पाहिलंच नव्हतं. इथून पाणी दिसतं, हे तिला माहीत नव्हतं. लांबवर एकदा पाठ वर आली आणि गेली. ती बघत राहिली. कोणी हाक मारली नाही.

ताट आन्सेल्मोने आणलं. घेवडा करपलेला, शिंपल्यांत वाळू.

"ताई, जरा... खा आता कसंतरी."

तिने एक घास घेतला. सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं.

"घाण झालंय," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

फिएरो पुढे सरकला. आवाजात साखर घोळत म्हणाला, "बाई, ही आजची हौस आहे. उद्या परत तुम्हीच चुलीपाशी असाल. माझी खोली खरी आहे, गरम पाणी खरं आहे. आयुष्यभर राबलात, आता तरी स्वतःचा विचार करा."

चायोला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. भावांना ती ओळखत होती. उद्या एकाची पाठ दुखणार, परवा दुसऱ्याचं इंजिन बिघडणार. तिने तोर्तियाचा तुकडा मोडला.

"मी गेल्यावर माझ्या जागी कोण?"

"त्याची चिंता नको. एजन्सीकडून बायका मिळतात. हंगामापुरत्या ठेवायच्या."

"आणि त्या दमल्या की?"

"दुसऱ्या मिळतात." फिएरो मोकळेपणाने हसला. "कमी का आहेत!"

चायोने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला त्याचा राग आला नाही. तिला दिसली ती दुसरीच एक बाई, कुठल्या तरी गावाहून गाडीतून उतरलेली, मिरचीने हात जळणारी, जिला इथे ताई म्हणणारं कोणी नाही आणि जिच्यासाठी बाकावर चढून ओरडायला भाची नाही.

"लिब्रादो, तुझं काय?"

"नाही," लिब्रादो दारातून म्हणाला. चेहऱ्याला पीठ लागलं होतं.

"आन्सेल्मो?"

आन्सेल्मोने साहेबांकडे पाहिलं, मग आबेलकडे. "मी शब्द दिलाय, ताई. माझं हो." आवाज खूप बारीक होता.

"बरं केलंस, शब्द पाळलास." ती पाणी प्यायली. "माझं नाही."

फिएरो काही बोलायला गेला, तिने हात वर केला. "पण नीट ऐका सगळे. ही माझी मेहरबानी नाही. नेरेइदाने जे बाकावर उभं राहून सांगितलं, ते देवमाशांच्या नियमांच्या खाली, चौकीच्या फळीवर रंगाने लिहायचं, मोठ्या अक्षरांत. आणि ज्याने मोडलं तो दिवसभरासाठी बाहेर. मालक असला तरी. मी असले तरी."

मग आबेलने हातातला डाव पातेल्यावर हाणला, आणि सगळं टेबल उठलं. बायका रडत होत्या, पोरं बाकांवर नाचत होती. लिब्रादोने पिठाच्या हातांनीच लेकीला मिठी मारली आणि "तुझी आई असायला हवी होती" एवढंच म्हणून हमसाहमशी रडला. नेरेइदा आत्याच्या पायाशी बसून तिच्या सुजलेल्या मनगटावर गाल टेकून होती. फिएरो साहेब बुटांतली वाळू झटकत गाडीकडे गेले. जाताना त्यांनी आन्सेल्मोला चल म्हटलं, पण आन्सेल्मोला भांडी घासायची होती.

सोमवारी चायोचे डोळे सवयीने अंधारातच उघडले. ती दचकून उठून बसली, पाय जमिनीला टेकवले, चपला शोधायला लागली. बाहेर भावांचं भांडण चाललं होतं. कॉफीत साखर आधी की नंतर, यावर लिब्रादो आन्सेल्मोला गाढव म्हणत होता आणि आन्सेल्मो म्हणत होता, तू मला एन्सेनादाला परत जायला लावशील. मग आबेल दबक्या आवाजात म्हणाला, "हळू बोला, आत्या झोपलीय." दोघंही गप्प झाले.

चायोने चपला ढकलल्या, आडवी झाली, पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि झोपून गेली.